वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचा धोका मोजताना या चुका टाळा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा विषय काढा, दोन वाक्यं हमखास येतात. ‘आपल्याकडे दहाजण घेतात, कुणाला काही झालं नाही’ आणि ‘स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका नऊपट होतो’. दोन्ही खरी असू शकतात. तरी त्यांवरून धोका ठरवता येत नाही.

‘कुणाला झालं नाही’ म्हणजे ‘होत नाही’ असं धरणं. एखादा त्रास तीनशे माणसांत एकालाही झाला नाही, तर ३ ला ३०० ने भागायचं. खरा धोका तरीही १ टक्क्यापर्यंत असू शकतो. माणसं दहाच असतील तर हा सोपा भागाकार थोडा जास्त आकडा देतो, नेमकी मर्यादा जवळपास २६ टक्के येते. म्हणजे चारांतल्या एकाला होणारा त्रासही तुमच्या दहाजणांत न दिसणं शक्य आहे.

‘किती पट’ ऐकून ‘कितीपैकी किती’ न विचारणं. नऊपटीचा आकडा अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवर झालेल्या २०२३ मधल्या एका अभ्यासातून आला. त्यातली तुलना औषध न घेणाऱ्यांशी नव्हती, वजनाच्याच दुसऱ्या गोळीशी होती. त्या गोळीवर दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण १ जणाला स्वादुपिंडदाह झाला, सेमाग्लुटाइडवर ४.६ आणि त्याच गटातल्या लिराग्लुटाइड या इंजेक्शनवर ७.९ जणांना. वाढ आहेच, आणि हा आजार गंभीर आहे. पण हजारातल्या बहुसंख्यांना तो होतच नाही, हे ‘नऊपट’ या शब्दातून कळत नाही.

नुसत्या औषधाचा आकडा वाचणं. ही सगळ्यात मोठी चूक, आणि पत्रकं वाचणारी शहाणी माणसंही ती करतात. सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत (२०२१) ४४.२ टक्के लोकांना मळमळ झाली. तुलनेसाठी औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांतही १७.४ टक्क्यांना झालीच. औषधाच्या खात्यावर टाकायची ती शंभरात सुमारे २७ माणसं. उलटीचे आकडे २४.८ आणि ६.६, जुलाबाचे ३१.५ आणि १५.९, पित्ताशयाच्या तक्रारींचे २.६ आणि १.२. मळमळ, जुलाब, उलटी, बद्धकोष्ठता यांची बेरीज करू नका, ती शंभराच्या वर जाते. एकाच माणसाला दोन-तीन त्रास होतात. पोटाचा कुठलाही त्रास धरला तर ७४.२ विरुद्ध ४७.९. आणि पोटाच्या त्रासापायी औषध सोडणारे? ४.५ टक्के, खोट्या इंजेक्शनवर ०.८.

हे आकडे सुमारे सव्वा वर्षात ‘कधी ना कधी’ झालेल्या त्रासाचे आहेत. त्रास मुख्यतः डोस वाढवतानाच्या आठवड्यांत होतो. म्हणूनच सेमाग्लुटाइड ०.२५ मिग्रॅवर सुरू करून दर चार आठवड्यांनी चढवतात. लवकर बारीक व्हायच्या घाईत पायरी गाळली, किंवा दोन-तीन आठवडे खंड पडूनही डॉक्टरांना न विचारता जुन्याच मोठ्या डोसवर परतलात, तर चाचणीतली टक्केवारी तुम्हाला लागूच होत नाही. डोस वाढवल्याच्या दुसऱ्या दिवशी मामलेदारची तर्रीदार मिसळ खाल्ली, तर त्या उलटीचा दोष एकट्या औषधाला देता येणार नाही.

सरासरी माणूस म्हणजे आपणच, असं समजणं. त्या चाचणीत मधुमेही नव्हते. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर खाली जाण्याचा धोका वेगळा मोजावा लागतो. त्या औषधाचा डोस बहुधा कमी करावा लागतो. आधी स्वादुपिंडदाह झालेला असणं, पित्ताशयात खडे, मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा पडदा, घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग (यात हे औषध टाळतातच), गर्भधारणेचा बेत: यातलं काहीही असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकट्या विसंबू नका.

टिर्झेपटाइडच्या एकडोसी कुपीत २.५ मिग्रॅ असो वा ५ मिग्रॅ, द्रव ०.५ मिलीच असतो. सिरिंजवरची रेघ तीच राहते, डोस दुप्पट होतो. त्यामुळे भरण्याआधी कुपीवरचे मिग्रॅ वाचा.

उलट्या-जुलाब चालू असताना मे महिन्याच्या घामात लोकलने ठाणे-वाशी करणाऱ्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कमी आणि गडद झाली, पाणीही पोटात ठरेना, तर वाट पाहू नका. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आली तर पुढचा डोस घेऊ नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं तरी हेच. हा त्रास अत्यंत विरळ आहे, युरोपच्या औषध नियामकाच्या २०२५ च्या निष्कर्षानुसार दहा हजारांत फार तर एक. दुष्परिणाम झालाच तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. औषधाचं नाव, बॅच नंबर आणि शेवटच्या डोसची तारीख हाताशी ठेवा.