स्क्रम, एक्सपी आणि कानबान एकत्र राबवण्यापूर्वीची तयारी

स्क्रम या सॉफ्टवेअर टीमचे काम छोट्या टप्प्यांत आखण्याच्या पद्धतीच्या मार्गदर्शिकेत जबाबदाऱ्या, बैठका आणि वेळेच्या मर्यादा सांगितल्या आहेत. कोड कसा लिहावा आणि कसा तपासावा, याविषयी तिच्यात अवाक्षर नाही. ही उणीव केंट बेक यांनी क्रायस्लरच्या वेतनप्रणालीवर काम करताना आकाराला आणलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमुळे, म्हणजेच एक्सपीमुळे, भरून निघते. म्हणून तयारीची सुरुवात बैठकांच्या वेळापत्रकापासून न करता कोडपासून करावी.

सर्वप्रथम ऑटोमेटेड टेस्टसह (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांसह) संपूर्ण बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम, किती मिनिटांत होते, ते घड्याळ लावून पाहावे. एक्सपीत दहा मिनिटांची अपेक्षा आहे. बिल्डला तासभर लागत असेल, तर दिवसातून अनेकदा कोड एकत्र करण्याचा नियम कागदावरच राहतो आणि स्प्रिंटच्या, म्हणजे स्क्रममधील ठरावीक मुदतीच्या टप्प्याच्या, शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांचे कोड एकमेकांवर आदळतात. त्यानंतर ‘काम पूर्ण झाले’ याचा अर्थ डेव्हलपर, टेस्टर आणि प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचे ते ठरवणारी व्यक्ती) यांनी एकत्र बसून लिहून काढावा. ‘माझ्याकडून झाले, फक्त टेस्टिंग बाकी आहे’ हे वाक्य ज्या टीममध्ये रोज ऐकू येते, तिथे ही बैठक लांबणार, हे गृहीत धरावे.

कामांची कार्डे लावलेल्या बोर्डावर टेस्टिंगसाठी स्वतंत्र रकाना असावा आणि प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कार्डे राहतील, याची मर्यादा ठरवावी, कारण कानबानचा, म्हणजे कामे बोर्डावर मांडून एका वेळची कामे मर्यादित ठेवण्याच्या पद्धतीचा, खरा उपयोग रंगीत चिठ्ठ्यांत नसून या आकड्यात आहे. टेस्टिंगची मर्यादा तीन असेल आणि तिन्ही जागा भरल्या असतील, तर डेव्हलपरने चौथे काम तिकडे न ढकलता टेस्टरच्या मदतीला जावे, हे आधीच सर्वांना मान्य असायला हवे. हे व्यवस्थापकांनाही सांगून ठेवावे, नाहीतर हात मोकळे दिसताच नवे काम सोपवले जाते.

पेअर प्रोग्रॅमिंगसाठी, म्हणजे दोघांनी एकत्र बसून कोड लिहिण्यासाठी, दिवसभराची सक्ती नको. किचकट आणि एकाच व्यक्तीला माहीत असलेल्या भागांची यादी करून तिथून सुरुवात करावी. स्क्रममधील रोजची बैठक पंधरा मिनिटांची असते, तिच्याविषयी एवढे पुरे. मात्र बदल सुरू करण्याआधी, अलीकडच्या वीस-पंचवीस कार्डांना सुरुवातीपासून ग्राहकापर्यंत पोहोचायला किती दिवस लागले आणि त्यांतली किती दोषांमुळे परत आली, याची नोंद करावी. पहिल्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटच्या आढावा बैठकीत, चर्चा या आकड्यांवरच व्हावी.