फोटो आधी उलटा करा: वसाहतकाळातल्या आफ्रिकेच्या छायाचित्रांवर काम करताना

फोटो हातात आला की आधी उलटा करायचा. हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर माझे सुरुवातीचे तीन महिने वाचले असते. इतिहासात एमए, मग अभिलेखागाराचा डिप्लोमा, आणि मग परदेशातल्या एका संग्रहात सहा महिन्यांचा करार. काम साधं वाटत होतं: पूर्व आफ्रिकेचे जुने फोटो स्कॅन करायचे आणि एकेकाची नोंद लिहायची. मी चित्रातच रमायचे. कोरीव दरवाजे, बंदरातली गलबतं, खांद्यावर हस्तिदंत घेतलेली माणसं. आणि खाली छापलेली फोटोओळ जशीच्या तशी नोंदीत उतरवायचे.

फोटोओळ हा फोटोचा सगळ्यात कमी भरवशाचा भाग. ‘स्वाहिली सुंदरी’, ‘झांझिबारी हमाल’, ‘स्थानिक नमुना’ या ओळी पोस्टकार्ड खपावं म्हणून लिहिलेल्या. फोटोतल्या बाईला ती सुंदरी आहे हे बहुधा कळलंही नसेल. मागच्या बाजूला मात्र कोणाला विकायचं नसतं, त्यामुळे तिथे लोक खरं लिहितात: स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, टपालाचा शिक्का, ‘प्रिय आई, इथे फार उकडतं’. पत्ता आणि मजकूर यांच्यात उभी रेघ असलेलं पोस्टकार्ड ब्रिटनमध्ये १९०२ मध्ये आलं. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. म्हणजे ब्रिटिश कार्डाला रेघ असेल तर ते कार्ड १९०२ च्या आधीचं नाही. पण चित्र असू शकतं! त्याच जुन्या निगेटिव्हवरून स्टुडिओ वीस वीस वर्षं कार्डं छापत. कार्डाची तारीख आणि फोटोची तारीख या दोन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी आहेत. नवीन आलेले सगळे इथे एकदा तरी आपटतात.

मग चित्राची तारीख कशी काढायची? इमारती बघा. झांझिबारच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘बैत अल अजाइब’ म्हणजे आश्चर्यमहाल आहे, सुलतान बरगशने १८८३ मध्ये बांधलेला. त्याच्या समोर एक सुटा मनोरा होता. २७ ऑगस्ट १८९६ ला ब्रिटिश नौदलाने अवघी चाळीसेक मिनिटं तोफा डागल्या आणि त्या मनोऱ्याची वाट लागली. दुरुस्तीत घड्याळाचा मनोरा थेट महालाच्या दर्शनी भागावर चढवला. म्हणजे मनोरा सुटा दिसला की फोटो तोफांच्या आधीचा, अंगावर दिसला की नंतरचा. फोटोओळीवर विसंबून मी एका फोटोला ‘सुमारे १९००’ म्हटलं होतं, त्यात मनोरा समोर सुटा ठणठणीत उभा होता. (डिसेंबर २०२० मध्ये महालाचा मोठा भाग कोसळला, त्यामुळे हे जुने फोटो आता वास्तुदुरुस्ती करणाऱ्यांनाही लागतात.)

झांझिबारच्या कार्डांमागे शिक्के वाचायला लागले आणि एक दिवस हसूच आलं. ए. सी. गोम्स. जे. बी. कुतिन्हो. परेरा दे लॉर्ड. हे तर आपले गोंयकार! गोम्स यांचा स्टुडिओ १८६०च्या दशकाच्या अखेरपासूनचा. पुढची कित्येक दशकं झांझिबारचा चेहरा जगाने बराचसा गोव्याच्या माणसांच्या कॅमेऱ्यातून पाहिला. मला फार अभिमान वाटला, आणि तो साधारण दोन दिवस टिकला. कारण ‘स्वाहिली सुंदरी’ छाप कार्डं हेही स्टुडिओ विकत होते. कॅमेऱ्यामागचा माणूस गोरा नव्हता, म्हणून समोरच्या बाईचं नाव कोणी लिहून ठेवलं असं नाही. मराठी वाचकाने या विषयात शिरताना ही गाठ मनात बांधूनच शिरावं, नाहीतर ‘आपले लोक तिथेही होते’ एवढ्यावरच सगळं थांबतं.

उलट चूकही मी केली आहे. नायजेरियाच्या फोटोंच्या एका गठ्ठ्यावर ‘जे. ए. ग्रीन’ असा शिक्का होता. मी छायाचित्रकाराच्या रकान्यात बिनधास्त ‘इंग्रज’ लिहिलं. जोनाथन अडागोगो ग्रीन हे बॉनीचे, इजो समाजातले, जन्म १८७३. १८९७ मध्ये ब्रिटिशांनी नायजेरियातलं बेनिन राज्य लुटल्यावर तिथल्या ओबांना, म्हणजे राजा ओव्होन्रामवेन यांना, बोटीवरून हद्दपारीत नेलं, तेव्हाचा फोटो ग्रीन यांचा आहे. राजा बसलेला, मागे पहारेकरी, पायांत बेड्या. या फोटोची छाटलेली प्रत हाती आली तर पाय कापले गेलेले असू शकतात, आणि मग तो साधा राजाचा फोटो वाटतो. म्हणून कडा बघा, कुठे कात्री लागली आहे ते बघा. आणि नावावरून कोणाचा वंश ठरवू नका. आद्याक्षरांचा शिक्का मारण्यामागे ग्रीन यांचा धंद्याचा हिशेबही असेल.

नाव लिहिलेलं असलं की काय होतं, हे काँगोच्या एका फोटोत दिसतं. १४ मे १९०४ ला बारिंगाच्या मिशनमध्ये अ‍ॅलिस सीली हॅरिस यांनी न्साला नावाच्या माणसाचा फोटो काढला. तो ओट्यावर बसून पाच वर्षांच्या बोआली या आपल्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल बघतोय. रबर गोळा करवून घेणाऱ्या कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला ठार मारलं होतं. ही नावं टिकली कारण हा फोटो साक्ष म्हणून काढला होता. मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्यावर, तो सभांमधून दाखवला गेला. १९०८ मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याला आपल्या खासगी ताब्यातलं काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावं लागलं. असे फोटो समोर येणारच. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला चाळीस नोंदी करायचे, नंतर असल्या गठ्ठ्यांच्या दिवशी दहा. वरिष्ठांना तसं सांगितलं, त्यांनीही ताणून धरलं नाही. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघ काय मिळालं’ म्हणून पाठवायचे नाहीत, एवढं मात्र स्वतःला बजावून ठेवा.

याच्या अगदी उलट युगांडा रेल्वेचे फोटो. १८९६ ते १९०१, मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत. हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, बरेचसे पंजाबचे. अडीच हजारांच्या आसपास मेले. वाटेत त्सावोला मजूर खाणाऱ्या दोन सिंहांपैकी एकाची लांबी ९ फूट ८ इंच, हे नोंदलेलं आहे. रुळांवर उभ्या मजुरांच्या फोटोखाली मात्र नावं नाहीत, नुसतं ‘कुली’.

हाताळणीचं थोडक्यात. पेन कामाच्या टेबलावर नकोच, फक्त पेन्सिल. नायट्राइलचे हातमोजे, कारण सुती मोजे काचेच्या निगेटिव्हवरून सटकतात. दहापटीचं भिंग घ्या: ठिपके दिसले तर ती छापखान्यातली प्रत, सलग करडेपणा दिसला तर बहुधा खरा फोटो. पिवळट, गुळगुळीत, कागदाचे तंतू दिसणारा असेल तर बहुधा अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचा फोटो. जुनी फोटोओळ कितीही ओंगळ असली तरी पुसायची नाही. अवतरणात वेगळ्या रकान्यात ठेवायची आणि शीर्षक स्वतः लिहायचं.

सरावासाठी घरबसल्या भरपूर आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा विंटरटन संग्रह (पूर्व आफ्रिका, सात हजारांवर फोटो), ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची वसाहत खात्याच्या फोटोंची मालिका, स्वित्झर्लंडच्या बाझेल मिशनचा संग्रह. वीस फोटो निवडा, त्यांच्या नोंदी स्वतः लिहा, मग संस्थेच्या नोंदीशी ताडा. अर्जासोबत मी असल्याच नोंदी जोडल्या होत्या. मुलाखतीत पदवीपेक्षा त्यांच्यावरच बोलणं झालं. नोकऱ्या कराराच्या, पगार बेताचा, व्हिसाची कटकट वेगळी. भाषांपैकी स्वाहिली आधी शिका. दुका, गारी, चाय, रांगी, लाकी हे शब्द भेटले की परकं वाटत नाही. पोर्तुगीज मोझांबिकसाठी लागते, टांझानियाच्या जर्मन कागदांसाठी जुनं जर्मन हस्ताक्षर.

आणि आपल्याकडे एक जमेची बाजू आहे, तिचा उपयोग मला योगायोगाने झाला. मोंबासाच्या बाजाराची एक काचेची निगेटिव्ह स्कॅन होऊन वर्षभर पडली होती. दुकानाची पाटी सगळ्यांना ‘कुठल्यातरी भारतीय लिपीतली’ दिसत होती. देवनागरी येते म्हणून गुजराती मी अडखळत वाचते, तर ही वाचताच येईना. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली: काच उलटी स्कॅन झाली होती. आरशात दिसतं तसं चित्र डावं-उजवं पलटवलं, अक्षरं सरळ झाली, रस्त्याची डावी बाजू उजवीकडे गेली, आणि त्यावरून रस्ता कुठला ते दुसऱ्या एकाने ओळखलं. पाटीवर मालकाचं नाव आहे. पहिलं अक्षर खांबाआड गेलंय. दारात उभ्या मुलाच्या नावाचा रकाना मी रिकामा सोडला आहे, ‘अज्ञात’ लिहिलेलं नाही. रिकामा दिसला की कोणीतरी विचारतं.