कोलकात्यात फिरताना मोबाइलवर फोटो कसे काढायचे

डिसेंबरात आईबाबांना घेऊन कोलकात्याला गेले होते, तेव्हा जे जमलं आणि जे हुकलं त्यातून हे लिहितेय. महागडा कॅमेरा नाही, साधा मोबाइल. आणि फोटो घरच्यांसाठी, स्पर्धेसाठी नाहीत.

सगळ्यात आधी घड्याळाचं बघा, कारण आपण मुंबई-पुण्याच्या सवयीने चालतो आणि तिथे फसतो. कोलकाता आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की सूर्य जवळजवळ तासभर आधी उगवतो आणि आधीच मावळतो, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात ५ च्या सुमारास सूर्य गेलेला असतो. "जरा चहा पिऊन ५ ला निघू संध्याकाळच्या उजेडासाठी" असं आम्ही पहिल्या दिवशी केलं आणि हुगळी नदीकाठच्या प्रिन्सेप घाटावर पोचेपर्यंत अंधार. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच निघालो, मग मिळालं सगळं, समोर पाणी, होड्या आणि १९९२ साली सुरू झालेला विद्यासागर सेतू, त्याच्या तारांमागे केशरी आभाळ. तिथे माणसांचा चेहरा दिसायला हवा असेल तर सूर्याकडे पाठ करून उभं करू नका, नाहीतर नुसत्या काळ्या आकृत्या येतात. आकृत्याच हव्या असतील तर मग स्क्रीनवर आभाळावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.

हावडा पुलाचा फोटो पुलावरून काढायचा प्रयत्न नका करू, गर्दी असते आणि पूल फ्रेममध्ये मावतच नाही. हावडा स्टेशनातून बाहेर आलं की समोरच फेरीचा घाट आहे, अगदी थोड्या पैशांत बोटीत बसता येतं. १९४३ साली सुरू झालेला हा पूल नटबोल्ट न वापरता रिव्हेट ठोकून बांधलाय, मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, ४५७ मीटरचा आणि नदीत एकही खांब नाही, म्हणून पाण्यातून बघितलं की पूर्ण लांबी मोकळी दिसते. बाबूघाटाच्या बोटीत मागच्या बाजूला उभं राहा, पूल हळूहळू लांब जातो आणि एका क्षणी सगळा मावतो. बागबाजारची बोट मात्र पुलाखालून जाते, तेव्हा मोबाइल सरळ वर धरा, लोखंडाची जी जाळी दिसते ना ती मला तरी पूर्ण पुलापेक्षा जास्त आवडली.

पुलाच्या कोलकाता बाजूच्या टोकाशी मल्लिक घाटाचा फूलबाजार आहे, तिथे सकाळी लवकर जा. झेंडूच्या माळांची ही मोठी वेटोळी, हमाल डोक्यावर घेऊन धावत असतात, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या दादर मार्केटसारखं पण रोज. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, भर उन्हात झेंडूचा केशरी रंग मोबाइलमध्ये फुटतो, पाकळ्या दिसत नाहीत नुसता डाग दिसतो, त्यामुळे फुलावर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की उजेड कमी करायचा. दोन, वाटेत उभे राहू नका, त्यांच्या डोक्यावर ओझं असतं हो. कडेला थांबायचं, एक चांगली जागा धरायची आणि माणसं फ्रेममध्ये यायची वाट बघायची, मागे पळायचं नाही.

कोणाचाही जवळून फोटो काढताना विचारा. "दादा, एकटा छोबी तुलबो?" एवढं बंगाली पुरतं, बाईंना दीदी म्हणायचं. नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं. कुमारटुलीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण ती मूर्तिकारांची कामाची जागा आहे, गल्ल्या अरुंद, गवताच्या सांगाड्यावर ओली माती चढवलेली असते, मागे सरकताना पाठ लागली तर कोणाची तरी मेहनत वाया जाईल. तिथे फ्लॅश नको, झूमही नको, दोन पावलं पुढे जा, कारण बोटांनी केलेलं जास्तीचं झूम म्हणजे बहुतेक वेळा फोटो कापून मोठा करणंच असतं.

व्हिक्टोरिया मेमोरियलचं पटकन सांगते. पांढऱ्या संगमरवरामुळे मोबाइल फसतो आणि चेहरे काळवंडतात, तर चेहऱ्यावर टॅप करा. आणि माणसाला इमारतीजवळ नेऊन उभं करू नका, तो मुंगीएवढा दिसतो, त्याला तुमच्याजवळ कंबरेपासून वर घ्या आणि इमारत लांब मागे राहू द्या.

एसी खोलीतून किंवा टॅक्सीतून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते, उन्हाळ्या-पावसाळ्यात तर नक्कीच, दोन-तीन मिनिटं थांबून सुती रुमालाने पुसा. खरं तर प्रत्येक वेळी पुसाच, धुरकट फोटोंचं निम्मं कारण बोटाचे डाग असतात.

आता जे हुकलं ते. कॉलेज स्ट्रीटवर आई मातीच्या छोट्या कपातून चहा पीत होती, तिथे त्याला भाँड म्हणतात, दोन्ही हातांनी धरून, आणि मी तेव्हा पुस्तकांच्या दुकानांचे फोटो काढत होते. तो फोटो नाहीये माझ्याकडे आणि मला अजून चुटपुट लागते. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी आधी आपल्या माणसाचा, काहीतरी करतानाचा फोटो काढते, "इकडे बघ" न म्हणता. चहाची वाफ यायला हवी असेल तर उजेड पलीकडून आणि मागे काहीतरी गडद असावं, दुकानाची सावली चालते. मग ट्राम, पिवळी टॅक्सी, बंगाली पाट्या काय हवं ते काढा, पाटीचा एक तर काढाच, नंतर जागा कुठली ते आठवायला बरं पडतं.

रात्री हॉटेलवर दिवसाचे फोटो बघून नकोसे उडवा, घरी आल्यावर कोणी करत नाही. आणि नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी उतरते आणि मोठी प्रिंट काढायला गेलं की धूसर येते.