आवडत्या कलाकारापर्यंत पैसे पोचवायचे तर

गाणी ऐकायच्या ॲपचं सदस्यत्व भरलं की आपण ज्यांना ऐकतो त्यांनाच ते पैसे जातात, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तसं होत नाही. स्पॉटिफायवर एका देशातल्या श्रोत्यांचे पैसे एकाच गल्ल्यात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढी रक्कम त्या हक्कधारकाला मिळते. तुम्ही महिनाभर एकाच सारंगीवादकाला ऐकलंत, तरी तुमच्या पैशांतला बहुतेक भाग त्या महिन्यात गाजणाऱ्या गाण्यांकडे जातो. शिवाय २०२४ पासून, वर्षभरात १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला तिथे रेकॉर्डिंगपोटी काहीच मिळत नाही. नव्या कलाकाराच्या दृष्टीने मला हे अन्यायाचं वाटतं. म्हणून मी महिन्याला एक अल्बम विकत घेते. तो असा घ्यावा:

१. आधी मालक पाहा. गेल्या महिन्यात पुन्हा पुन्हा ऐकलेले तीन-चार अल्बम उघडा आणि पानाच्या अगदी तळाशी जा. तिथे वर्तुळातल्या ‘पी’ अक्षरापुढे रेकॉर्डिंगच्या मालकाचं नाव असतं. कलाकाराचं स्वतःचं किंवा एखाद्या छोट्या लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं, नाव दिसलं, तर तो अल्बम यादीत वर घ्या. मोठी कंपनी असेल तर गायकाच्या हाती काय पडेल ते त्याच्या करारावर. (चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना निदान २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीचा आधार आहे, रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांच्याकडून सहज लिहून घेता येत नाही.)

२. विक्रीचं पान शोधा. कलाकाराच्या इन्स्टाग्रामवर बहुधा लिंक असते. स्वतंत्र संगीतासाठी माझी पहिली पसंती बँडकॅम्पला. २००८ पासून चालू असलेलं हे दुकान डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेतं.

३. कार्ड तयार ठेवा. आपल्याकडे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा कमी ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा.

४. किंमत भरा. पाच डॉलरच्या अल्बममागे कमिशन आणि पेमेंटचा खर्च वजा जाता चारेक डॉलर पलीकडे पोचतात. स्ट्रीमिंगचा ठरलेला दर नसतो, पण हिशेबापुरता एका ऐकण्यामागे सेंटचा तिसरा हिस्सा धरा. मग तेवढ्याच चार डॉलरसाठी १,२०० वेळा ऐकावं लागेल, म्हणजे आठ गाण्यांचा अल्बम दीडशे वेळा! बँडकॅम्पवर छापील किमतीपेक्षा जास्तही देता येतं. जमेल तेव्हा द्या.

५. शुक्रवार साधा. मार्च २०२० मध्ये, मैफली बंद पडल्या तेव्हा, ‘बँडकॅम्प फ्रायडे’ सुरू झाला. वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी दुकान आपला वाटा घेत नाही. हा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने चालतो. आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला सुरू होतो आणि शनिवारी त्याच वेळेला संपतो.

६. फाइल उतरवून घ्या. फ्लॅक प्रकारची फाइल घेतलीत तर आवाज पूर्ण दर्जाचा मिळतो. फोनसाठी एमपीथ्री पुरते. एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवाच. ॲपवरून गाणी न सांगता गायब होतात, ही मात्र तुमच्याकडे राहतात.

स्ट्रीमिंग सोडायची गरज नाही. नवं काही सापडतं ते तिथेच.

आणि मैफलीला जाल तेव्हा बाहेरच्या सीडी विक्रीच्या टेबलापाशी थांबा. घरी प्लेअर नाही म्हणून मी पूर्वी तशीच पुढे जायचे. मागच्या हिवाळ्यात एका ख्यालगायिकेच्या मैफलीनंतर टेबलामागे तिचा धाकटा भाऊ बसला होता. समोर पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. मी अडचण सांगितली, तर म्हणाला, “ताई, सीडी असू द्या, गाणी मी पाठवतो.” रात्री घरी पोचायच्या आत फोनवर लिंक आली होती.