फर्निचरची तक्रार करताय? मग या चुका टाळा

अंधेरीतल्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये मी तेरा वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसले. बिलिंग काउंटरच्या मागे, एसीची हवा पोचत नाही अशा कोपऱ्यात ते टेबल होतं. उकडलं की माणसं लवकर उठतात, असा आमच्या मालकांचा हिशेब. नोकरी सोडून चार वर्षं झाली, पण तक्रारी काही सुटल्या नाहीत. सोसायटीत कुणाचा पलंग करकरला, नात्यात कुणाच्या कपाटाचं दार लोंबलं, की आधी मला कळतं आणि मग दुकानाला.

दुकानं फसवतात, त्यात नवल नाही. पण टेबलाच्या त्या बाजूला बसून मी पाहिलं ते वेगळंच. तक्रार शंभर टक्के खरी असलेली माणसंही रिकाम्या हाताने परत जायची, आणि त्यात आमची हुशारी काही नसायची. आमचं काम त्यांनीच सोपं करून ठेवलेलं असायचं.

खोकं न उघडता सही

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण ती माझ्याच घरात झाली.

धाकट्या बहिणीने दादरच्या घरासाठी सोफा घेतला. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जुलैचा पाऊस. टेंपोवाल्या पोरांनी तो कसाबसा वर आणला आणि दारातच चलन पुढे केलं. ‘मॅडम, साइन कर दो, नीचे गाडी नो पार्किंग में खडी है.’ बहीण ऑफिसात होती. तिच्या सासूबाईंनी सही केली, पोरांना चहा दिला, वर पन्नास रुपयेही दिले. चलनावर सहीच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, माल सुस्थितीत मिळाला. ते वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा आत होता.

इथवर झालेलं अजून निस्तरता आलं असतं. पण आषाढ चालू होता आणि नवीन वस्तू आषाढात वापरायची नाही, असं सासूबाईंनी ठरवलं. सोफा एकोणीस दिवस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पॅसेजमध्ये उभा राहिला. श्रावण लागला, प्लॅस्टिक काढलं, तर मागचा पाय स्क्रूच्या भोकापासून उभा चिरलेला आणि पाठीच्या कापडावर बुरशीचे ठिपके.

दुकानाने उत्तर दिलं, ‘चलनावर सही आहे, नुकसान तुमच्याकडे झालं असणार.’ बहिणीने ते स्पीकरवर लावून मला ऐकवलं. मला घाम फुटला, कारण हे वाक्य याच सुरात मी स्वतः शेकडो लोकांना ऐकवलेलं होतं.

आम्ही वाचलो ते निव्वळ नशिबाने. माल आला त्या दिवशी भाच्याने घरच्या ग्रुपवर ‘सोफा आला’ म्हणून फोटो टाकला होता. त्यात फाटलेलं, ओलं प्लॅस्टिक आणि त्या पायाशी सुटलेली चिकटपट्टी स्पष्ट दिसत होती, वर तारीख आणि वेळ. तो फोटो जोडून पाच ईमेल गेले, मध्ये एकदा ग्राहक हेल्पलाइनला फोन झाला. चार महिन्यांनी पाय बदलून मिळाला आणि पाठीचं कापडही. पॉलिश मात्र जुळलं नाही. त्या सोफ्याचा एक पाय अजून सावळा आहे.

तेव्हापासून माझी सवय अशी. माल दारात आला की फोनवर व्हिडिओ सुरू, आणि तो मध्ये बंद करायचा नाही. आधी खोक्यावरचं लेबल, मग चारही कोपरे, मग चिकटपट्टी कापताना, मग आतला माल. पोरं थांबायला तयार नसतील तर चलनाच्या दोन्ही प्रतींवर पेनने लिहायचं, ‘खोकं उघडून पाहिलेलं नाही’, आणि वेळ टाकायची. त्यांची प्रत कोरी आणि तुमच्यावर शेरा, याचा उपयोग शून्य. हल्ली सहीऐवजी ओटीपी मागतात. ओटीपी म्हणजेच सही. तो सांगण्याआधी निदान बाहेरून माल नीट बघा आणि खोकं दबलेलं असेल तर त्याचा फोटो काढा.

त्या पोरांवर मात्र ओरडू नका. दिवसाला किती ठिकाणी माल टाकायचा हे त्यांच्या हातात नसतं. पाणी द्या आणि पाच मिनिटं मागा. बहुतेक थांबतात.

बिलावरची धमकी खरी मानणं

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाचून कितीतरी लोक तक्रारच करत नाहीत. रंग आवडला नाही म्हणून परत करायचा असेल तर दुकानाच्या अटी लागू होतात, कबूल. पण सदोष मालाला ही ओळ लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. ‘जीएसटी वाचवू, कच्च्यात घ्या’ म्हणणाऱ्याकडून पलंग घेणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आरडाओरडा करणं, पण मागणं काहीच नाही

आमच्या पाचव्या मजल्यावर एक काका आहेत, बँकेतून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले, पण स्वतःच्या कपाटाच्या वेळी सगळं विसरले. कपाटाच्या सरकत्या दाराचा रूळ बसत नव्हता. काकांनी दुकानातल्या सेल्समनला व्हॉट्सॲपवर मेसेज करायला सुरुवात केली. सकाळी ‘सुप्रभात, आज तरी माणूस पाठवा’, दुपारी दाराचा फोटो, रात्री ‘तुम्हाला लाज कशी वाटत नाही’. सहा महिने असंच. मग त्या मुलाने नोकरी सोडली, नंबर बदलला आणि काका माझ्याकडे आले.

मी सगळे मेसेज वर सरकवत वाचले. दीडशे तरी असतील. एकातही ऑर्डर नंबर नव्हता. मी विचारलं, ‘काका, तुम्हाला नक्की हवंय काय? दुरुस्ती, बदली की पैसे परत?’

काका गप्प. मग म्हणाले, ‘त्यांनी माफी मागायला हवी.’

आता माफीचा चेक कोण फाडणार? टेबलावर बसलेल्या माणसाला रोज तीस-चाळीस संतापलेली माणसं भेटतात. संताप त्याला ऐकू येईनासा होतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. जो माणूस शांतपणे कागद सरकवतो आणि तारीख मागतो, त्याची मात्र भीती वाटते. काकांसाठी मी लिहून दिलेला ईमेल एवढाच होता:

‘ऑर्डर क्रमांक अमुक, माल मिळाल्याची तारीख अमुक. कपाटाच्या उजव्या दाराचा रूळ बसवल्या दिवसापासून निसटतो, व्हिडिओ जोडला आहे. तुमचा माणूस अमुक आणि अमुक तारखेला येऊन गेला, दोष कायम आहे. 15 दिवसांत दार व रूळ बदलून द्यावा, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. तसं न झाल्यास ग्राहक आयोगात तक्रार करेन.’

काकांना तो फारच कोरडा वाटला. त्यात त्यांना ‘ज्येष्ठ नागरिक’ आणि ‘हृदयविकार’ घालायचं होतं. मी घालू दिलं नाही. बाराव्या दिवशी नवीन दार आलं.

फोनवर बोलणं झालंच तर त्याच संध्याकाळी ‘आज आपल्या अमुक प्रतिनिधीने असं सांगितलं’ एवढा दोन ओळींचा ईमेल पाठवा. समोरच्याने खोडून काढला नाही तर तो तुमचा पुरावा होतो. ऑनलाइन घेतलं असेल तर साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोधा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार मिटवायची असते. लोक तो पत्ता सोडून चॅटवरच्या यंत्राशी तासन्‌तास भांडत बसतात.

आणखी काही, थोडक्यात

गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिल्या नंबरवर फोन करू नका. रिफंड देतो म्हणून स्क्रीन शेअर करायला लावणारे तिथेच बसलेले असतात. नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचाच घ्या. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

सोफा परत केला म्हणून हप्ते बंद करू नका. कर्ज दिलं आहे फायनान्स कंपनीने, सोफा दिला आहे दुकानाने. दुकानाने ऑर्डर रद्द केल्याचं लेखी घ्या, ते फायनान्स कंपनीला पाठवा, आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत हप्ता भरा. नाहीतर सोफा नाही, पैसे नाहीत आणि वर सिबिल स्कोअर घसरलेला.

तक्रार करण्याआधी नाक्यावरच्या सुताराला बोलावू नका. त्याने दोन खिळे ठोकले की दुकान म्हणणार, ‘बाहेरच्या माणसाने हात लावला, वॉरंटी संपली.’ मुंबईकरांचा हा खास उतावळेपणा. शनिवारी पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी पुरावाच ठोकून टाकतात.

पलंगाखाली पिठासारखा भुसा दिसला की घाबरून झाडून टाकू नका. फोटो काढा आणि भुसा छोट्या पिशवीत भरून ठेवा. ‘वाळवी तुमच्या घरातली’ असं दुकान म्हणेल. वाळवी मातीच्या रेघा काढत येते. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि कोरडी पूड असेल तर तो लाकूड पोखरणारा किडा, आणि तो बऱ्याचदा लाकडाबरोबरच येतो. हा फरक ईमेलमध्ये लिहिला की समोरच्याचा सूर बदलतो.

‘शिसम फिनिश’ म्हणजे शिसम नव्हे. भुसा दाबून केलेल्या बोर्डावर शिसमच्या रंगाचा कागद चिकटवला तरी तो फिनिशच. पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि मग लोक ‘लाकूड खराब निघालं’ म्हणून येतात. लाकूड नव्हतंच हो ते. घेतानाच बिलावर मटेरियल लिहून घ्या. सेल्समनच्या तोंडचं ‘एकदम सॉलिड है’ कुठल्याही आयोगात चालत नाही.

आयोगात जायला उगाच घाबरणं, किंवा उगाच धावणं

दोन्ही टोकाची माणसं मी पाहिली आहेत. पहिल्यांना वाटतं, वकील लागेल, हजारो रुपये जातील. वकिलाची सक्ती नाही. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय बेंगळुरूत असो की गुरुग्रामला. उपनगरात राहणाऱ्यांचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे आणि ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. त्याआधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन वापरून पाहा, बऱ्याच कंपन्या तिथे येऊन मिटवतात. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते, एवढं ध्यानात ठेवा. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून आपल्या शहरात आहे, तिथे जाणत्या माणसांशी बोलता येतं.

दुसरी जमात नेटवरून नोटिशीचा नमुना उतरवते आणि पंचवीस हजारांच्या गादीसाठी पन्नास लाखांचा मानसिक त्रास मागते. असली नोटीस आमच्याकडे आली की टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवली जायची. भरपाई मोठी लिहिली म्हणून वरच्या आयोगात जाता येत नाही. 2019 च्या कायद्यात तुम्ही मोजलेली किंमत बघतात, आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच जातात. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिलेत, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, तेव्हा पुढच्या गणपतीपर्यंत पैसे मिळतील या हिशेबाने जाऊ नका. पण दुकानाच्या ‘बघतो, सांगतो’वर विसंबून बसूही नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि कुणी फोनवर गोड बोललं म्हणून ती थांबत नाही.

आणि हो, खोकं. खोकं टाकू नका. मूळ पॅकिंग नाही म्हणून परत घेत नाही, हे वाक्यही मी भरपूर वापरलं आहे. आमच्या घरी टीव्हीच्या कपाटाचं खोकं माळ्यावर आहे. नवरा दर दिवाळीला ते भंगारवाल्यासाठी खाली काढतो आणि मी परत वर चढवते. वॉरंटी मार्चपर्यंत आहे.