कुत्र्याचे अन्न निवडताना आधी खाऊचा हिशोब मांडा

प्रौढ कुत्र्यासाठी रोजचे अन्न निवडणे फारसे अवघड नाही. पाकिटावर तो त्या वयासाठीचा संपूर्ण आणि संतुलित आहार असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे आणि घटकांच्या यादीत चिकन, मासे किंवा अंडी असा ओळखू येणारा पदार्थ अगदी वर असावा, कारण ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. नुसती दूध-पोळी किंवा दहीभात हा कुत्र्याचा पूर्ण आहार नव्हे. नवे अन्न जुन्यात मिसळून, रोज थोडे वाढवत, सात ते दहा दिवसांत बदलावे.

खरी अडचण खाऊची असते, आणि माझी फसगत तिथेच झाली. आमच्या देशी कुत्रीला मी अन्न वाटीने मोजून देत असे, तरीही वर्षभरात ती २० किलोंवरून २४ किलोंवर गेली. मी पाकिटे बदलली, अन्न कमी केले, आणि ती बिचारी भुकेने ताटाजवळ बसून राहू लागली. अखेर एका रविवारी घरातले प्रत्येक जण तिला काय देते ते मी कागदावर लिहून काढले. सकाळच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटे, मुलांकडून आणखी दोन, आणि सासूबाईंकडून तूप लावलेली एक पोळी, कारण मुक्या जिवाला उपाशी ठेवून त्यांना जेवण गोड लागत नाही.

२० किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण १००० कॅलरी पुरतात आणि त्यातला खाऊचा वाटा दहा टक्क्यांहून, म्हणजे १०० कॅलरींहून अधिक नसावा. एका ग्लुकोज बिस्किटात वीसच्या वर कॅलरी असतात, म्हणजे चार बिस्किटांतच तो वाटा जवळपास संपतो. तुपाची पोळी त्यावर शंभराहून अधिक कॅलरी चढवते. 'एका बिस्किटाने काय होते' हा सल्ला म्हणूनच मला अजिबात मान्य नाही.

यावर एकच उपाय टिकला. दिवसभराचे अन्न सकाळीच मोजावे, त्यातला दहावा भाग एका छोट्या डब्यात काढून ठेवावा आणि घरातल्या प्रत्येकाने फक्त त्या डब्यातूनच खाऊ द्यावा. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा खाऊ संपला. सासूबाईंना पोळी बंद करा असे सांगून काही झाले नाही, पण डबा त्यांच्या हाती दिल्यावर त्याच तो सर्वांपासून जपू लागल्या. वेगळे काही द्यायचेच असेल, तर गाजराचे किंवा काकडीचे तुकडे, उकडलेली फरसबी, अथवा मीठ-मसाला न घालता उकडलेले बिनहाडाचे चिकन द्यावे.

काही पदार्थ मात्र डब्यात काय, घासभरही देऊ नयेत. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधा होईल याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून मनुका घातलेला प्रसादाचा शिरा कुत्र्याला कधीही देऊ नये. चिंचेचाही तसाच धोका असल्याने आमटी वर्ज्य समजावी. कांदा आणि लसूण, शिजवलेले असले तरी, रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेले साखरविरहित पदार्थ आणि शिजवलेली हाडेही घातक आहेत. यांतले काही पोटात गेल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकांना फोन करावा.

प्रमाण जमले का, हे हाताने कळते. बरगड्यांवरून बोटे फिरवावीत आणि मग स्वतःचा पंजा सरळ पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवावीत. स्पर्श तसाच लागला तर वजन योग्य आहे. मुठीच्या उंचवट्यांसारख्या बरगड्या टोचल्या तर अन्न वाढवावे, तळहातासारखे मऊ लागले तर कमी करावे. आमच्या कुत्रीच्या बरगड्या पुन्हा बोटांना नीट लागायला पाच महिने गेले, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सासूबाई स्वतःच तिच्या पाठीवरून हात फिरवून मला सांगतात.