आंब्याखालच्या सावलीत लागलेली बाग

परसातल्या जुन्या आंब्याखाली गवतसुद्धा धरत नव्हतं. आधी खालच्या काही फांद्या उतरवल्या, तेव्हा कवडसे पडू लागले. आंब्याची मुळं दुखवायची नव्हती, म्हणून खोल न खणता मुळांमधल्या जागेत शेणखत नि पालापाचोळा भरला.

पावसाच्या तोंडावर खोडाच्या उत्तरेला मिरीचा वेल लावला. सावलीसाठी मिरीच्या करीमुंडा जातीचंच रोप मागा. पन्नियूर-१ ला उजेड जास्त लागतो. दाणे धरायला तिसरं वर्ष उजाडतं, तेवढा धीर हवाच. कवडशांत हळद, न्हाणीच्या पाटाकडे अळू आणि सोनटक्का, अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात नेचे. सोनटक्क्याचा वास संध्याकाळी पडवीपर्यंत येतो, फार सुख वाटतं! खोडाला माती मात्र चढवू नका, साल कुजते. पातोळ्यांना हळदीची पानं आता घरचीच.